एकाच हाताचे दोन कागद

चंद्रपूर
१४ जुलै २००२

प्रिय नूरी,

सलाम. डी.एड.च्या पहिल्या दिवशी ब्रह्मपुरीला तुमच्या दारात उभी राहून मी सलाम केला, तेव्हा तुझ्या अम्मी मला तुमच्यातलीच समजल्या होत्या. आम्हा ख्रिस्ती लोकांतही सलामच म्हणतात हे त्यांना पटायला आठ दिवस लागले. ती दोन वर्षं मी तुमच्याच घरी जेवले आणि तू वर्षभरात एक कार्ड टाकलं नाहीस. तुझा पत्ता शेवटी अम्मींकडून मागवला.

आता कामाचं. आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघानं शाळाशाळांतून एक कार्यक्रम घ्यायचं ठरवलंय. माझ्या संडे स्कूलमधली एक मुलगी मागच्या वर्षी परत आली. चौदाव्या वर्षी लग्न लावून तिला दूर नेलं होतं. तिथं तिला आधी एका घरात दिलं, मग दुसऱ्या. आता ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि गाणं सुरू झालं की उठून बाहेर जाते. चौकशी केली तर कळलं, आपल्या भागातून अशा किती गेल्या त्याची यादीच कुणाकडे नाही. कुणी त्याला विक्री म्हणतच नाही, सगळे लग्न म्हणतात.

चाळीस मिनिटांचं काम आहे. छोटं नाटक करायचं, मग मुलींशी बोलायचं. संघातला पवन नवरदेव होतो आणि मी त्याला घेऊन येणारी बाई. येशूचं नाव नाही, प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत. तरी अकरा शाळांनी नाही म्हटलं. शिक्षण खात्याचं परवानगीचं पत्र पुढं केलं तर हेडमास्तर पत्र वाचत नाहीत, माझ्या गळ्यातला क्रूस वाचतात. एका ठिकाणी आम्हाला स्वच्छतेवर बोला म्हणाले. पाऊण तास नखं कापण्यावर बोलून आम्ही परत आलो. इकडे चर्चचे पाळकसाहेब विचारतात, प्रभूचं नाव घ्यायचं नसेल तर मंडळीनं तुम्हाला पाठवायचं कशाला. एकाला वाटतं मी धर्म बदलायला निघाले, दुसऱ्याला वाटतं मी धर्म विसरले.

तुझ्या शाळेत जमवशील का? जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही. नुसतं गप्प बसू नकोस.

तुझी,
रंजीता

*

कोसंबटोला
३ ऑगस्ट २००२

प्रिय रंजीता,

सलाम. तुझं पत्र पंधरा दिवसांनी मिळालं. नाला उतरल्याशिवाय पोस्टमन इकडे येत नाही.

कार्ड टाकलं नाही, चूक झाली. इथं दिवस कुठं जातो कळत नाही. पाचवी ते दहावी, खोल्या चार. मुलं जास्त करून गोंड-माडिया, बाकीची बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली. मधल्या सुट्टीत मैदानावर दोन भाषा चालतात आणि मला दोन्ही कळत नाहीत. आधी वाईट वाटायचं, आता सवय झाली.

हेडमास्तर गुणवंतराव सरांना विचारलं. म्हणाले, "बाई, तुम्ही मुसलमान, मैत्रीण तुमची ख्रिश्चन, आन् शाळा गावची. लोकं मले का म्हनतीन?" मी शिक्षण खात्याच्या पत्राचं सांगितलं. दोन दिवस गेले. मग कबूल झाले. वीस ऑगस्टला या. मात्र 'विकणे' हा शब्द वापरायचा नाही, कोणत्या गावाचं नाव घ्यायचं नाही आणि तासाच्या आत आटपायचं. मी हो म्हटलं. तूही हो म्हण.

मुलचेऱ्याहून सकाळची गाडी चुकली तर जीप मिळते. जेवण माझ्याकडे.

नववीत सोमारी नावाची मुलगी आहे. गट्टेपारहून चार किलोमीटर चालत येते आणि सगळ्यांच्या आधी पोचते. भूगोलाचा तास असला की नकाशा तीच टांगते. तिला मी पुढं बसवीन. तू घाईनं बोलतेस, तेवढं हळू बोल. आणि काही राखून ठेवू नकोस. मी शिक्षणसेवक आहे, तीन वर्षं होईपर्यंत मला तोंड नाही.

तुझी,
नूरी

*

चंद्रपूर
२६ ऑगस्ट २००२

प्रिय नूरी,

तुझ्या हातची खिचडी खाऊन आले आणि आभाराऐवजी तक्रारच लिहायला बसले. रागावू नकोस.

नाटक बरं झालं. पवनच्या मिशीला मुली हसल्या. मी जेव्हा आईबापांना म्हणते, 'हुंडा नाही, खर्च नाही, पोरगी तेवढी द्या,' तेव्हा मात्र हसणं बंद झालं. आजवर एवढ्या लवकर कुठंच बंद झालं नव्हतं. मी तेव्हाच समजले की या खोलीत कुणालातरी हे ठाऊक आहे.

मग तुझी सोमारी उठली. तू ऐकलंस, तरी लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, घरचे राजी असले, नवऱ्याकडचे बी चांगलं बोलले, तं त्याले का म्हनाचं?"

आणि मी काय सांगितलं? अठरा वर्षांच्या आतलं लग्न हा गुन्हा आहे. कलम सांगितलं. ती मला घरातलं विचारत होती आणि मी तिला फलकावरचं वाचून दाखवलं. ती पुन्हा काही बोलणार तेवढ्यात गुणवंतरावांनी टाळी वाजवली आणि राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं. सगळे ताठ उभे. राष्ट्रगीतात प्रश्न कसा विचारणार? संपल्यावर सरांनी मुलींना रांगेत बाहेर काढलं. आम्ही सामान आवरत बसलो.

परतताना जीपमध्ये पवन म्हणाला, तिच्याशी वेगळं बोलायला हवं होतं. मी त्याच्यावरच ओरडले, कारण खरं होतं.

नूरी, ती प्रश्न विचारत होती तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीबाहेर पाहत होतीस. तुला काही माहीत आहे का? तिच्या घरी काय चाललंय ते पाहून ये आणि लगेच लिही.

रंजीता

*

कोसंबटोला
२१ सप्टेंबर २००२

प्रिय रंजीता,

उशीर झाला. चाचणी परीक्षा होती, मग ताप आला.

सोमारी पोळ्यापासून शाळेत येत नाही. मुली म्हणतात पाहुण्यांकडे गेली. या दिवसांत मुलं अशी जातात, निंदणीला, नाहीतर मामाकडे. दिवाळीनंतर परत येतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. कार्यक्रम सगळ्यांना आवडला.

अब्बांनी तुझ्यासाठी सलवारचं कापड ठेवलंय, ब्रह्मपुरीला गेलीस तर माप देऊन ये.

नूरी

*

चंद्रपूर
९ ऑक्टोबर २००२

नूरी,

सलवारचं कापड राहू दे.

परवा पवन आणि मी गट्टेपारला जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

सोमारीचा बाप डोमा अंगणात झाडू बांधत होता. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं. मी विचारलं, पोरगी कुठी आहे. म्हणाला, "लगीन झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गुलाबबाईनं जमवलं. मध्यप्रदेशात दिली." तारीख, देवळाचं नाव, सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. मी म्हटलं, ती पंधराची होती. तो म्हणाला, "मी पोरगी इकलो नाई, बाई. मी लगीन केलो." त्याच्या आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगत होता.

मग स्वतःच म्हणाला, एक गोष्ट बरी वाटत नाही. जाताना तिनं सांगितलं होतं की दर आठवड्याला पत्र टाकीन. महिना झाला, एक आलं नाही. "त्याईच्या गावात पोष्ट नसन म्हनलो मी. पन थे लिवल्याबिना राहनारी पोरगी नाई."

मी वयाचा काही कागद मागितला. त्यानं पत्र्याच्या पेटीतून शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल काढली. मूळ दाखला नवऱ्याकडच्यांनी नेला. नकलेवर जन्मतारखेप्रमाणे मुलगी अठरा वर्षं चार महिन्यांची आहे. खाली गुणवंतरावांची सही.

वरचा मजकूर तुझ्या हातचा आहे.

दोन वर्षं मी तुझ्या वह्या उतरवून पास झाले, नूरी. तुझा 'ख', तुझा 'ळ', आकड्यांतला तुझा पाच मला कुणी शिकवायला नको. पवनला मी काही सांगितलं नाही. कागद घडी करून परत दिला आणि पाणी प्यायले.

तू काय लिहिलंस, कधी लिहिलंस आणि कशासाठी, एवढं कळव.

रंजीता

*

कोसंबटोला
११ नोव्हेंबर २००२

रंजीता,

चार वेळा लिहून फाडलं. रमजान आहे. रोजा ठेवून खोटं लिहिता येत नाही.

दाखला मी लिहिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तुझं पत्र तेव्हा वाटेत असेल. शाळेत लेखनिक नाही, दाखले मीच लिहिते. गुणवंतराव सरांनी बोलावलं. समोर ती लग्न जमवणारी गुलाब बसली होती, डोमा दाराशी उभा. सर म्हणाले, "पोरीचं नाव काढाचं हाये. जन्मतारीख मी सांगतो थे लिहा." मी म्हटलं, सर, रजिस्टरमध्ये वेगळी आहे. ते म्हणाले, "रजिस्टर माह्यापाशी राहते. बाप इथी उभा हाये, त्याले चालते, तुम्हाले काऊन तरास?" मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, यंदा तुमच्या कामाचा अहवाल मलाच पाठवायचा आहे.

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबले आणि सहीसाठी पुढं सरकवलं.

नाव निघालं तरी सोमारी शाळेत येत होती. तिला माहीतच नव्हतं की पटावर ती नाही. हजेरी घेताना तिच्या जागी मी क्षणभर थांबायची, ती 'हजर' म्हणायची आणि मी पुढचं नाव घ्यायची. असं दीड महिना.

मग तुझं पत्र आलं. मी तुला का बोलावलं ते आता सांगते. मला वाटलं तू सगळ्यांसमोर ते बोलशील, सोमारी ऐकेल, घाबरेल, घरी सांगेल आणि लग्न मोडेल. माझं नाव कुठंच येणार नाही. मी माझं काम तुझ्या नाटकावर टाकलं. ती उठून प्रश्न विचारायला लागली तेव्हा माझ्यात एवढंही बळ नव्हतं की सरांना म्हणावं, पोरीला बोलू द्या.

सोबत कागद पाठवते. जून महिन्यात मी पट तयार केला होता, त्यात तिची खरी जन्मतारीख आहे, ती मला पाठ आहे. मी तारीख लिहून, खोटा दाखला मीच कुणाच्या सांगण्यावरून लिहिला ते लिहून खाली सही केलीय. तुला जिथं द्यायचा तिथं दे. रजिस्टर आता कुलपात आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

नूरी

*

चंद्रपूर
१२ डिसेंबर २००२

नूरी,

तुझा कागद घेऊन पोलिसांकडे गेले. साहेबांनी वाचला. म्हणाले, बापाची तक्रार आहे का? नाही. मुलीची आहे? मुलगी इथं असती तर मी कशाला आले असते? मग तुम्ही कोण? मी तरुण संघ म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'ख्रिश्चन संस्था'. कागद दाखवून मी पुन्हा सांगितलं की हा शिक्षिकेचा कबुलीजबाब आहे. ते म्हणाले, शिक्षिकेला घेऊन या. कागदाला मी काय विचारू?

बाकीचं ऐक. गेल्या आठवड्यात एका लहानशा पेपरात बातमी आली, 'शाळांत नाटकाच्या नावाखाली धर्मप्रचार'. त्यात कोसंबटोल्याचं नाव आहे आणि 'आदिवासी कुटुंबाच्या घरी जाऊन आमिष' असंही आहे. डोमाच्या घरी मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, दिलंही नाही. आमचं परवानगीचं पत्र रद्द झालं. ज्या चार शाळांनी होकार दिला होता त्यांनीही निरोप पाठवला, येऊ नका.

पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बेटा, गावोगावी आपली चार-चार घरं आहेत. तुझ्या एका नाटकापायी त्यांच्या दारावर दगड आले तर मी काय उत्तर देऊ?" मला राग आला, पण त्यांची भीती खोटी नव्हती. नाटकाच्या सहा जणांतले चार गेले. पवन आणि मी उरलो. दोघांत नाटक होत नाही.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. ते लपवत नाही. पण तुझ्या कागदानं काही होणार नाही. तुला स्वतः जावं लागेल, आणि डोमाला सोबत न्यावं लागेल. ते मी करू शकत नाही. मी गेले की बातमी होते.

रंजीता

*

कोसंबटोला
३० जानेवारी २००३

रंजीता,

गेले होते. क्रमानं सांगते.

आधी गट्टेपारला गेले. डोमाला सांगितलं, दाखल्यावरचं वय खोटं आहे आणि ते मी लिहिलं. तो म्हणाला, "थे तं मले मालूम होतं. मी तिथीच होतो." मग कुऱ्हाडीचा दांडा चाचपू लागला. म्हणाला, "गुणवंतराव सर म्हनले म्हनून मले वाटलं, चालते. शिकलेल्या मानसाले चालते तं चालत असन."

पत्र अजून आलं नव्हतं. तो उठला आणि सरळ गुलाबच्या घरी गेला. तिच्या दारासमोर बसला. शिव्या नाहीत, बोलणं नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळपासून बसला. गुलाब बांगड्या विकते, तिच्याकडे बाया येईनात.

तिसऱ्या दिवशी गुलाब माझ्या खोलीवर आली. मला वाटलं भांडेल. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "त्याले उठवा, म्याडम." मी म्हटलं, पत्ता द्या, तो उठेल. ती म्हणाली, "मले बी असंच नेलं होतं, सतरा वर्सं झाले. मी मेली का? रोटी खाल्ली, लेकरं झाले, मंग परत आली. इथी तरी कोन राजा येनार होता तिच्यासाठी?" मी विचारलं, मग परत का आलात? तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पण गावाचं नाव सांगितलं, जिल्हा सांगितला, बस कुठं उतरवते तेही.

त्यानंतर डोमा आणि मी ठाण्यात गेलो. त्यानं अंगठा दिला. मी चार पानं जबाब दिला. साहेबांनी दोनदा विचारलं, "तुमचंही नाव आरोपीत येईल, समजतंय ना?" समजतं म्हटलं. आरोपींत आता गुलाब, गुणवंतराव सर आणि मी आहोत. सरांनी सांगितलंय की सही घाईत केली, मजकूर शिक्षणसेविकेनं परस्पर लिहिला.

सोमवारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं पत्र मिळालं. काम असमाधानकारक, सेवा समाप्त. अब्बांनी लिहिलंय, घरी ये. मी खोली सोडलेली नाही.

पोलीस मार्चमध्ये जाणार म्हणतात. सोबत मुलीला ओळखणारी एखादी बाई हवी आहे. आरोपी म्हणून मला नेता येत नाही. तू जाशील का?

नूरी

*

चंद्रपूर
२८ मार्च २००३

प्रिय नूरी,

काल आलो. अजून अंगातून गाडी गेली नाही.

हवालदार, एक महिला शिपाई, डोमा आणि मी. तिथल्या पोलिसांत अर्धा दिवस गेला. मग त्यांचा एक माणूस घेऊन गावात पोचलो. गहू कापणीला आला होता. घर पक्कं, अंगणात म्हैस. दारात घुंघट घेतलेली एक बाई शेण थापत होती. डोमानं तिला घरातल्यांना बोलवायला सांगितलं. ती तशीच बसून राहिली. तीच सोमारी होती, नूरी. बापानं ओळखलं नाही.

नवरा चाळिशीचा. सासूनं आम्हाला चहा दिला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला काढला. हवालदारानं वाचला, अठरा पूर्ण. मी तुझा नोव्हेंबरचा कागद पुढं केला, त्यावर पंधरा. त्यानं दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. आलटून पालटून पाहिलं आणि मला म्हणाला, "एकाच हाताचे दोन कागद आहेत. मी कोणता खरा धरू?"

एवढा प्रवास, चार पानं जबाब, आणि गाडी तिथं अडली. सगळ्यांसमोर हा प्रश्न झाला. सोमारी दाराशी उभी होती, कागद तिला दिसत होते.

महिला शिपायानं तिला विचारलं, तुझं वय किती. सासूच बोलली. पुन्हा विचारलं. पुन्हा सासू. मग सोमारीनं घुंघट वर केला आणि बापाकडे पाहून गोंडीत काहीतरी म्हणाली. डोमाशिवाय कुणालाच कळलं नाही. डोमा उठला, काही बोलला आणि तिचा हात धरला. नवरा आडवा आला. तेव्हा ती शिपाईबाई मध्ये उभी राहिली आणि हवालदाराला म्हणाली, "वयाचं कोर्ट पाहील. पोरगी जबाब देईल, पण या घरात नाही. चला."

गाडीत मी डोमाला विचारलं, ती काय म्हणाली? "मोहाची फुलं पडाले लागली का म्हने. आई एकटीच येचून राह्यली का." आणि तुम्ही काय म्हणालात? "हो म्हनलो. एकटीच हाये."

पत्रं तिनं लिहिली होती. सहा. टाकायला नवऱ्याकडे दिली होती.

पूर्ण वाटेत ती बापाजवळ बसली. तू काय केलंस ते मी तिला सांगितलं नाही. ते माझं काम नाही असं मला वाटलं.

शाळांची परवानगी अजून बंदच आहे. बातमी छापणाऱ्या पेपरला मी सगळं लिहून पाठवलं. छापलं नाही.

तुझी,
रंजीता

*

कोसंबटोला
१९ जुलै २००३

प्रिय रंजीता,

सलाम. तू चर्चच्या अंगणात नाटक केलंस हे तुझ्या पत्रात वाचलं. वस्तीतल्या तेवीस मुली आल्या आणि पाळकसाहेब स्वतः खुर्च्या लावत होते, हेही वाचलं. शाळेत होत नाही याचा तुझा राग बरोबर आहे. तरी नवरदेवासाठी मिशी नीट चिकटव.

इथलं सांगते. गुलाब बारा दिवसांत जामिनावर सुटली. बाजारात माझ्या डोळ्यांदेखत बांगड्यांचं दुकान मांडते. गुणवंतराव सर हेडमास्तरच आहेत. चौकशी चालू आहे असं सगळे सांगतात, चालताना कुणी पाहिली नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी डोमा सोमारीला घेऊन गेला. सरांनी तिला नववीत घेतलं नाही. म्हणाले, दाखला निघालेला आहे आणि दाखल्याप्रमाणे मुलगी एकोणीस वर्षांची आहे, एवढ्या मोठ्या मुलीला मुलांत कशी बसवू? जन्मतारीख दुरुस्त करायला शिक्षण खात्याकडे प्रस्ताव जावा लागतो, आणि तो हेडमास्तरनंच पाठवावा लागतो. मी खात्यात दोनदा जाऊन आले. तिथला बाबू म्हणाला, "हेडमास्तरची सही आणा." मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "बरोबर आहे, पण सही आणा."

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. मी डोमाला सांगितलं, सोमारीला माझ्या खोलीवर पाठवा, मी शिकवते. फॉर्मला तो दाखला चालतो, वयाची अडचण येत नाही. मला वाटलं होतं, निदान एवढ्या कामी तरी तो येईल.

ती आली. मी फॉर्म पुढं ठेवला, वर डोमानं दिलेली दाखल्याची नक्कल. आता तिला सांगायचं असं सकाळपासून ठरवलं होतं. ठाण्यात सांगितलं, तुला लिहिलं, अब्बांना सांगितलं. तिलाच सांगितलं नव्हतं. मी सुरुवात केली, "सोमारी, हा दाखला..."

ती म्हणाली, "मले मालूम हाये. तिथी हवालदाराच्या मांडीवर पाह्यलो मी. तुमचं अक्षर मले ओळखू येते. फळ्यावरचं चार वर्सं उतरवलं."

चार नव्हे, मी इथं एकच वर्ष शिकवलं. मी तिला दुरुस्त केलं नाही. तिला तेवढं लांब वाटलं असेल.

मी सगळं सांगितलं. सरांचं बोलणं, गुलाब, अहवाल, माझी नोकरी. हजेरीच्या वेळी थांबायची तेही. संपल्यावर म्हणाली, "तुमची नोकरी गेली थे बरं झालं."

मी हो म्हटलं.

मग तिनं दाखला उचलून माझ्याकडे सरकवला. त्या कागदावर परीक्षेला बसणार नाही म्हणाली. मी समजावलं, तारीख दुरुस्त व्हायला वर्ष जाईल, दोन जातील. "जाऊ द्या. माह्यं वय हाये न तेवढं."

ती उठून गेली. मला वाटलं आता येणार नाही. दोन दिवस आलीही नाही. तिसऱ्या दिवशी आठ वाजता दारात उभी. तेव्हापासून रोज येते. मला बाई म्हणत नाही आता. काहीच म्हणत नाही. चप्पल बाहेर काढते, चटईवर बसते, पुस्तक उघडते आणि विचारते, "कोनतं पान?"

मी पान सांगते.

तुझी,
नूरी